सेवेचे गुण किती?

पावसाळा सुरू झाला, की भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने हे धरण बांधले. आता ती इंजिने नाहीत, सहली येतात. सोमवारी सकाळी तेथे खाऊन टाकलेली कणसे, बाटल्या आणि पिशव्या पडलेल्या असतात.

30 जून 2024 रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील 5 जण वाहून गेले. त्यांच्या शोधासाठी लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' संस्थेचे स्वयंसेवक धावले. स्वयंसेवक म्हणजे पगार न घेता काम करणारा.

"सर, असे काम केले तर आयआयटीत प्रवेश मिळतो का?" असे दहावीची मुले विचारतात. प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ आहे. नाही मिळत.

आयआयटीत बी.टेक.चा प्रवेश जेईई या परीक्षेवर होतो. पुण्यात पाषाणला 2006 साली आयसर ही विज्ञानसंस्था सुरू झाली. तिच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. सेवेचा एकही नसतो.

माझ्या मते यात थोडा न्याय आहे. ज्या मुलाला सुट्टीत वडिलांच्या गाडीवर भजी तळावी लागतात, तो सेवेचे प्रमाणपत्र कोठून आणणार?

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाची रीत वेगळी आहे. तेथे गणित आणि विज्ञानाची तयारी लागतेच. पण अर्जात छोटे निबंधही लिहावे लागतात. भोवतालच्या लोकांसाठी तुम्ही काय केले, हेही विचारतात. घरची जबाबदारी सांभाळली असेल, तर तीही लिहिता येते. म्हणजे भजी तळणाऱ्या मुलालाही तेथे सांगण्यासारखे काही असते!

आपल्याकडे सेवा येते ती प्रवेशानंतर. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास काम करायचे असते. मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षी ही योजना, एनसीसी किंवा खेळ यांपैकी एक घ्यावेच लागते. आयसरचे विद्यार्थी 'दिशा' या उपक्रमातून शाळकरी मुलांना शिकवतात.

मुलांनो, धरणावर सफाईला जाल तेव्हा वही आणि तराजू बरोबर न्या. पाण्यात मात्र उतरू नका. बाटल्या किती, पिशव्या किती, वजन किती, ते दर सोमवारी लिहा. पाऊस जास्त पडला त्या आठवड्यात कचरा वाढला का, ते पाहा. चार महिन्यांची ही नोंद नगरपरिषदेलाही दाखवता येईल.

शब्दार्थ
सेवा – खिदमत
प्रवेश – दाखला
न्याय – इन्साफ
जबाबदारी – जिम्मेदारी

स्वाध्याय
1. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत कोणते विषय असतात?
2. प्रवेशासाठी सेवेचे गुण धरावेत का? तुमचे मत पाच ओळींत लिहा.