माशाच्या डोळ्यातील नांग्या

तळ्यात बोटाएवढे बीज सोडावे आणि पुढे हातभर कटला काढावा, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक आहे. मासा वाढतो तसा त्याचा डोळाही वाढतो. मग डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, मोठ्या डोळ्याला पुरतो कसा?

कटला-रोहूच्या कार्प कुळातीलच सोनमाशावर अमेरिकेत पामेला जॉन्स व स्टीफन ईस्टर यांनी केलेला अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. पडदा दोन रीतींनी वाढतो. जुना भाग ताणला जातो, आणि कडेच्या गोल पट्टीत नव्या पेशी जन्मतात. खोडातील वलयांप्रमाणे मध्यभागी जुन्या पेशी, काठाला कोवळ्या.

ताणामुळे उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी विरळ होतात. पण भिंगही वाढत असल्याने पडद्यावरचे चित्र मोठे पडते आणि नजर मंदावत नाही. अंधुक प्रकाशात कामी येणाऱ्या दंडपेशींची दाटी मात्र टिकून राहते, कारण जुन्या भागातही त्यांची नवी भर पडते. शेतात आपण नांग्या भरतो, तसेच हे.

आपल्याच देशातील ओढ्यांत सापडणारा झेब्रा मासा याहून पुढे जातो. त्याच्या पडद्याला इजा झाली, तर म्युलर नावाच्या आधारपेशी विभागून नव्या दृष्टिपेशी तयार करतात.

म्युलर पेशी माणसाच्या डोळ्यातही आहेत, पण त्या असे करीत नाहीत. मोतीबिंदू हा भिंगाचा विकार. ते काढून दुसरे बसविता येते. पडद्यावरची गेलेली पेशी मात्र पुन्हा उगवत नाही.

आम्ही हे सांगतो ते मधुमेह असलेल्यांसाठी. हा रोग पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या बिघडवितो. सुरुवातीस डोळा दुखत नाही, दिसणेही कमी होत नाही. म्हणून नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते व ऊन सोसत नाही. तेव्हा घरचे कोणी सोबत न्यावे, गाडी स्वतः चालवू नये. रक्तातील साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावेत.

सुगी आहे, पेरणी आहे म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये. आपल्या डोळ्यात नांग्या भरता येत नाहीत. उभे आहे ते पीकच राखले पाहिजे.