बियाण्याचे वय आणि उगवणशक्ती

बियाणे ही निर्जीव वस्तू नव्हे. प्रत्येक दाण्यात निद्रिस्त अंकुर असतो आणि त्याचे श्वसन अत्यंत मंद गतीने चालूच असते. उष्णता व ओलावा वाढला की हे श्वसन वाढते, पेशींची आवरणे दुबळी होतात आणि बाहेरून टपोरा दिसणारा दाणा आतून निकामी होतो. उगवणीचे प्रमाण घटण्यापूर्वीच रोपाचा जोम घटू लागतो, हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

१९८१ पर्यंत औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचाच भाग असलेल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे हा परिसर बियाण्यांचे केंद्र म्हणून नावारूपास आला. तथापि, उत्तम बियाणेही घरच्या साठवणीत बिघडू शकते.

वैजापूर, गंगापूर भागातील कांद्याचे उदाहरण बोलके आहे. कांद्याचे बी अल्पायुषी असते. उन्हाळ्यात काढलेले बी त्याच वर्षी रब्बीच्या रोपांसाठी टाकल्यास त्याने एकच पावसाळा पाहिलेला असतो. उरलेले बी पुढील वर्षी वापरल्यास दोन पावसाळे आणि मराठवाड्याचा चाळीस अंशांवरचा उन्हाळा त्याने सोसलेला असतो. वाफा विरळ उगवल्याचे कळेपर्यंत हंगामाचे मोलाचे दिवस निघून जातात.

बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम असा की, बियाण्यातील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केल्यास बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. म्हणूनच बी सावलीत नीट वाळवून हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवावे.

पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावेत व फडके सुकू देऊ नये. कांद्याचे निरोगी अंकुर १२ दिवसांत मोजावेत. प्रमाणित बियाण्यासाठी कांदा, टोमॅटो व वांगी यांची किमान उगवण ७० टक्के, भेंडीची ६५ व मिरचीची ६० टक्के ठरलेली आहे. खरेदी करताना पाकिटावरील परीक्षणाची तारीख व मुदत पाहावी आणि पावती जपून ठेवावी.

ही चाचणी शाळेच्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सहज करता येते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी हंगामापूर्वी तिचा पायंडा पाडल्यास अनेक कुटुंबांचा हंगाम वाचेल.