पासवर्ड तोच, मग लॉगिन का होत नाही?

प्रश्न : बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत एका छोट्या कंपनीचे सर्व्हर मी सांभाळतो. नव्या उबंटू २२.०४ सर्व्हरवर घरून एसएसएचने विनातक्रार लॉगिन होतं. दोन्हीकडे एकच पासवर्ड चालावा म्हणून तिथल्या शॅडो फाइलमधली माझी ओळ जुन्या सेंटओएस ७ सर्व्हरवर जशीच्या तशी उतरवली. तिथे मात्र ‘परमिशन डिनाइड’ येतं. पासवर्ड दहादा तपासला. चुकतंय कुठे?

उत्तर : तुमचा पासवर्ड बरोबर आहे, जुन्या सर्व्हरला त्याची लिपी वाचता येत नाही. मोडीतलं खत फक्त बाळबोध वाचणाऱ्याच्या हाती दिलं, तर मजकूर खरा असूनही त्याला तो लागणार नाही. इथे तेच झालंय.

एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये जन्मलं, ते वाटेत कुणी पासवर्ड चोरू नये म्हणून. पासवर्ड सुखरूप पोचवणं हे त्याचं काम. तो खरा की खोटा, हे मात्र ज्या त्या यंत्राची स्वतःची व्यवस्था ठरवते.

शॅडो फाइलमध्ये पासवर्ड नसतो, त्यावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश असतो. तुमची ओळ उघडून पाहा. नावानंतर दोन डॉलरच्या चिन्हांमध्ये एक खूण दिसेल. १ म्हणजे एमडी५, ६ म्हणजे एसएचए-५१२, वाय म्हणजे येसक्रिप्ट. उबंटू २२.०४ नवा पासवर्ड येसक्रिप्टमध्ये ठेवतं. सेंटओएस ७ ची ओळख एसएचए-५१२ पाशी थांबते. पुढची खूण त्याला कळत नाही, म्हणून ते नकार देतं. नकाराचं कारण बाहेरच्याला सांगायचं नाही, हा सुरक्षेचा नियमच आहे. त्यामुळे चुकलेल्या पासवर्डला आणि न कळलेल्या हॅशला उत्तर एकच मिळतं.

जुन्या युनिक्सवर याहून धोक्याचा प्रकार होता. तिथली डीईएस पद्धत पासवर्डचे पहिले ८ बाइटच पाहायची. इंग्रजी अक्षरांत ‘कावेरी’ आणि पुढे २०२४ असा पासवर्ड असेल, तर ‘कावेरी’ची ६ अक्षरं आणि २० एवढंच मोजलं जाई. शेवटी २४ लिहा की ९९, लॉगिन होणारच! पासवर्ड मराठीत ठेवला, तर अवस्था आणखी बिकट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. तिसरं चिन्ह पुरं होण्याआधीच ८ बाइट संपतात.

लिनक्स सर्व्हरवर एसएसएचचं जे रूप सहसा चालतं, ते ओपनएसएसएच १९९९ साली ओपनबीएसडी या प्रणालीसाठी तयार झालं. इतर प्रणालींसाठी त्याची वेगळी ‘पोर्टेबल’ आवृत्ती निघते. तिच्या क्रमांकात ‘पी’ असतो. लिनक्सवर ओळख तपासणारी पॅम व्यवस्था, इतरत्र त्या त्या प्रणालीची स्वतःची पद्धत, अशा प्रत्येक घरच्या रीतीशी तिला जुळवून घ्यावं लागतं. पासवर्ड हा त्यातला अवघड भाग आहे.

पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरता येणाऱ्या किल्ल्यांच्या जोडीचं तसं नाही. तिची पारख ओपनएसएसएच स्वतः करतं, त्यामुळे तीच सार्वजनिक किल्ली दोन्ही सर्व्हरवर चालते.

तेव्हा हॅशची ओळ इकडून तिकडे नेऊ नका. जुन्या सर्व्हरवर पासवर्ड तिथल्याच ‘पासडब्ल्यूडी’ आज्ञेने नव्याने ठेवा. मग किल्ली बसवा, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा आणि ते जमल्यावरच पहिली खिडकी बंद करा. आणखी एक, सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. आता त्याला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. तो सर्व्हर बदलण्याचं काम लांबणीवर टाकू नका.