दक्षिणेकडच्या काचा

बाणेरच्या आमच्या सोसायटीत देखभालीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून काचांशी माझा संबंध घरापुरता राहिला नाही. जिन्यांमधली उंच तावदानं, लॉबीचं काचेचं दार, क्लब हाउसची दक्षिणेकडची अख्खी भिंत. पावसाळ्यात यातल्या बऱ्याचशा काचा आपोआप धुतल्या जातात. ऑक्टोबरात पाऊस गेला की पुढे जूनपर्यंत सगळा भार आपल्यावर, आणि त्यातही डिसेंबर-जानेवारी सगळ्यात अवघड. या दिवसांनी मला जे शिकवलं, ते जसं सुचतंय तसं लिहितोय.

१. काच स्वच्छ करायला आपण जे वापरतो, तेच तिच्यावर मागे उरतं. सुकल्यावर दिसणाऱ्या रेघा आणि पांढुरके ठिपके बहुतेकदा मळाचे नसतात, पाण्याचे असतात. पाणी उडून जातं, त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार काचेवरच बसतात. आमच्याकडे वापरायला बोअरचं पाणी. काळ्या कातळातून झिरपत येताना ते हे क्षार बरोबर घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल. म्हणजे माणसाला चालणारं पाणी काचेला चालेलच असं नाही! आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने लादी पुसायची पद्धत आता घरोघरी आहे आणि ती चांगलीच आहे. पण ते पाणी काचेला लावू नये, कारण गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. शेवटचा हात मात्र आरओच्या पिण्याच्या पाण्याने मारावा, तांब्याभर पुरतं. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही या कामाला उत्तम, ते जवळजवळ क्षाररहित असतं. थंडीत एसीच बंद, त्यामुळे ती सोय नाही.

साबणाचंही तसंच. अंगाचा किंवा कपड्यांचा साबण जड पाण्यात फेसाऐवजी साका धरतो, आणि तोच काचेवर ओशट पडद्यासारखा पसरतो. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब अख्ख्या बादलीला बास होतात. जास्त घातलं की जास्त स्वच्छ, हा हिशेब काचेला लागू पडत नाही.

२. काचा हिवाळ्यात जास्त मळतात हे अर्धंच खरं. त्या हिवाळ्यात जास्त दिसतात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. जूनमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, दक्षिणेच्या खिडकीत त्याचं ऊन शिरतच नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो, आणि दक्षिणेच्या काचेतून तिरका आत येतो. तिरक्या उजेडात प्रत्येक रेघ उठून दिसते. क्लब हाउसच्या त्या भिंतीबद्दल जूनमध्ये कुणी बोलत नाही आणि जानेवारीत रोज कुणीतरी बोलतं, ते यामुळे. तक्रार करणाऱ्यांचं काही चुकत नाही. त्यांना दिसतं ते खरंच तिथे असतं. पण सफाई करणाऱ्या माणसाच्या हाताला दोष देण्याआधी ऊन कुठून येतंय हे पाहावं, असं मला फार वाटतं.

३. पुसायची वेळ निवडणं हे पुसण्याइतकंच महत्त्वाचं आहे. थंडीत दुपारची हवा इतकी कोरडी असते, की पाणी लावून फडकं उचलेपर्यंत काचेचा वरचा भाग सुकलेला असतो, आणि सुकला की रेघ ठरलेली. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी घ्याव्यात, पूर्वेच्या दुपारनंतर. दक्षिणेला हिवाळ्यात सावली अशी मिळतच नाही, दिवसभर कुठून ना कुठून ऊन असतं. तिथे एका वेळी एकच तावदान भिजवायचं आणि ते पूर्ण कोरडं केल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

४. पाणी लावण्याआधी कोरडी झाडझूड हवीच. थंडीत गार हवा जमिनीलगत साचून राहते, वर तुलनेने उबदार हवेचा थर असतो, आणि धूळ-धूर त्याखाली अडकून बसतात. निरभ्र रात्री काच हवेहून गार होते आणि पहाटे तिच्यावर दव धरतं. धूळ त्या दवात भिजते, ऊन आल्यावर सुकते, दुसऱ्या दिवशी वर आणखी एक थर. आमच्या आजूबाजूला बांधकामं चालू आहेत, त्यामुळे या धुळीत सिमेंटही असतं. सिमेंटला ओल मिळाली की ते काय करतं हे सांगायला नको. ते काचेवर धरतं, आणि फार दिवस राहिलं तर काचेचा तुकतुकीतपणा कायमचा जातो. म्हणून बांधकामाच्या बाजूच्या काचा आठवड्याला झाडून घ्याव्या लागतात, नुसत्या मऊ ब्रशने. ओल्या फडक्याने थेट घासलं तर तीच कच काचेवर ओरखडे काढते.

सरकत्या खिडक्यांचे खालचे ट्रॅकही आधी. त्यात बोटभर माती साठलेली असते, पाणी निघून जायची भोकं बुजलेली असतात. काच आधी चकचकीत केली आणि मग ट्रॅक धुतला, तर उडालेला चिखल पुन्हा काचेवर येणारच.

५. चांगल्या कारागिराचं काम बघत उभं राहणं हे शिक्षण आहे. आमच्याकडे काचा पुसायला येणारे एक दादा आहेत. ते पाणी लावून झाल्यावर आधी काचेच्या वरच्या कडेची बोटभर पट्टी कोरड्या फडक्याने पुसून घेतात. वायपरचं रबर त्या कोरड्या पट्टीवर टेकवतात आणि मग खाली ओढतात. रबर ओल्यावर टेकवलं की पहिल्याच जागी ओघळ उरतो, कोरड्यावर टेकवलं की ते काच धरतं. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं, दर वेळी, कंटाळा न करता. पुढची ओढ आधीच्या ओढीवर दोन बोटं चढवून. कडेला उरलेलं पाणी जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपायचं. नवं फडकं ते वापरत नाहीत, ते पाणी पीत नाही आणि तंतू सोडतं. रबराची कड जरा बोथट झाली की पट्टी उलटी लावतात, दुसरीही बाजू गेली की नवी.

हातात मावेल असा हलका पितळी वायपर एत्तोरे स्टेकोने या इटलीहून आलेल्या माणसाने अमेरिकेत ओकलंडला घडवला, १९३६ साली त्याचं पेटंट मिळालं. तो स्वतः खिडक्या पुसायचा. त्याआधीची अवजारं जड आणि किचकट होती. ज्याचा हात दुखतो त्यालाच अवजार कसं हवं ते कळतं, हे मला मनापासून पटतं. म्हणून आता वायपर कुठला आणायचा हे कमिटी ठरवत नाही, दादा ठरवतात.

६. रेघ आतून आहे की बाहेरून, यावरून घराघरांत वाद होतात. आतून उभं पुसा, बाहेरून आडवं. मग रेघेकडे बघूनच बाजू कळते.

७. व्हिनेगर क्षारांचे जुने डाग काढतं, कारण ते आम्ल आहे. आणि आम्ल आहे म्हणूनच खालच्या उंबऱ्यावर ते ओघळू देऊ नये. खिडकीला कडप्पा किंवा संगमरवर असेल, तर आम्लाने त्या दगडाची चकाकी जाते. खाली जाड फडकं घालून ठेवावं आणि नंतर साध्या पाण्याने काच धुवावी.

८. खरी थंडी वेगळंच शिकवते. भाची टोरांटोला असते. तिथे उणे दहात काचेवर साधं पाणी लावलं की पुसायच्या आत त्याचा बर्फ होतो. बादलीत अल्कोहोल मिसळावं लागतं. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतायचं नाही, एकदम तापून ती तडकू शकते. आणि दुहेरी काचेच्या मध्ये धुकं दिसलं, तर ते कितीही पुसून जात नाही. कडेचं सील गेलेलं असतं, काच बदलावी लागते. हे शेवटचं इथेही उपयोगाचं आहे. हमरस्त्याजवळच्या फ्लॅटमध्ये आवाज कमी व्हावा म्हणून आता दुहेरी काचा बसू लागल्यात.

९. बाहेरच्या बाजूची काच ही सफाईची बाब नाही, जिवाची आहे. यावर मी सौम्यपणे बोलू शकत नाही. ग्रिलला एका हाताने धरून, छज्ज्यावर अनवाणी उभ्या राहून काच पुसणाऱ्या मावशी आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. हिवाळ्याच्या सकाळी तोच छज्जा दवाने निसरडा असतो.

दोरीवर काम करणारी माणसं नीट काम करतात तेव्हा दोन दोऱ्या असतात, एक कामाची आणि एक जीव वाचवणारी, आणि दोन्ही गच्चीवर वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या. टाकीच्या पाइपला किंवा गच्चीच्या रेलिंगला नाही. कठड्याच्या धारेवर दोरी घासू नये म्हणून खाली जाड गादी, हातातला वायपरसुद्धा अंगाला बांधलेला, आणि खालची जागा माणसांसाठी बंद. हे सगळं करणारे जास्त पैसे मागतात. मागायलाच हवेत. दोन दरपत्रकांमध्ये मोठा फरक दिसला, की स्वस्तवाल्याला मी पहिला प्रश्न दुसऱ्या दोरीचा विचारतो.

आमच्या सोसायटीत आता लेखी नियम आहे: घरकामाला येणाऱ्या कुणालाही बाहेरून काच पुसायला सांगायचं नाही, आत उभं राहून, दोन्ही पाय लादीवर ठेवून हात पोचेल तेवढीच पुसायची. सभेत कुणीतरी विचारलं, दोरीवाले वर्षातून एकदा संक्रांतीनंतर येणार, तोवर बाहेरच्या काचा तशाच राहणार का? हो, राहतील, असं सांगितलं. ठराव मंजूर झाला.