जुनी ओम्नी घेतलीत? आता खरा हिशोब सुरू होतो



हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, आपल्या पाचही तालुक्यांत धंदा सुरू करणाऱ्याची पहिली चारचाकी बहुतेक वेळा जुनीच असते. आणि जुन्यात पुन्हा मारुती ओम्नीवर जीव. का नसावा? दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं, सपाट तळ, मागची सीट काढली की हळद पावडरचे खोके, पापडाचे डबे, मंडपाचं सामान, सगळं बसतं. गल्लीत वळते, छोट्या जागेत उभी राहते.

व्हिडिओत मी गडबडीत सांगून गेलो. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलोय.

माझी चूक आधी ऐका

माझ्या पहिल्या व्हॅनला मी होते नव्हते तेवढे सगळे पैसे घातले. विकणारा म्हणाला, "गाडी एक नंबर आहे, फक्त उन्हाळ्यात अधूनमधून पाणी बघत जा." मी हसून मान डोलावली. मे महिन्यात वसमतहून लग्नाच्या घरचा मसाला आणि पापड घेऊन हिंगोलीला निघालो. औंढ्याच्या अलीकडं सीटखालून चटके बसायला लागले. मला वाटलं, ऊन आहे. पुढं वाफ आली, गाडी थांबली. हेड गॅस्केट गेलं होतं. खिशात दुरुस्तीला पैसे नाहीत, माल रस्त्यावर, लग्नघरचा फोन सुरू. दुसऱ्याची गाडी बोलावून माल पोचवला, पण चार तास उशिरा. ते गिऱ्हाईक परत कधी आलं नाही.

नंतर विचार केला. विकणाऱ्यानं खोटं सांगितलं होतं का? नाही. "पाणी बघत जा" यातच सगळं होतं. ऐकलं नाही ते मी.

म्हणून आजच्या धड्यातलं एकच वाक्य वहीत लिहून घ्या: जुन्या गाडीचा खर्च टळत नसतो. त्याची तारीख कोण ठरवणार, तुम्ही की गाडी, एवढंच आपल्या हातात असतं.

ही गाडी वेगळी का आहे?

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली. १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि ते आहे पुढच्या सीटखाली! पुढं नाक नाही, बोनेट उघडून इंजिन बघायची सोय नाही. चालतात ती मागची चाकं.

आता यातून धंद्याला काय फरक पडतो ते बघा.

एक, इंजिन नजरेआड आहे. बाकी गाडीत माणूस बोनेट उघडून निदान डोकावतो तरी. इथं सीट उचलावी लागते, सीटवर माणूस नाहीतर खोका असतो, म्हणून महिनोन् महिने कोणी बघतच नाही. ओम्नी बिघडण्याआधी बऱ्याचदा दुर्लक्षित झालेली असते. आठवड्यातून एक वार ठरवा. सकाळी गाडी थंड असताना सीट उचला आणि पाच गोष्टी बघा: ऑइल, पाणी, बेल्ट, कुठं ओल आहे का, पेट्रोलचा वास येतो का. पाच मिनिटांचं काम.

दोन, उष्णता तुमच्या बुडाखाली आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर जातो. सीट नेहमीपेक्षा जास्त तापली तर उन्हाला दोष देऊ नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा, थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि बोअरचं पाणी भरू नका. ज्या पाण्यानं घरातल्या बादलीला पांढरा थर बसतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं. कूलंटच भरा.

तीन, तुमचे पाय गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला आहेत. समोरून धडक बसली तर मध्ये पत्र्याशिवाय फारसं काही नाही. नव्या सुरक्षा नियमांत ही गाडी बसत नव्हती म्हणूनच ती बंद झाली. त्यामुळं वारंगा फाट्याकडं रुंद रस्ता लागला म्हणून दामटू नका. पट्टा लावा आणि पन्नास-साठच्या आत राहा. गाडी रिकामी असली की मागचा भाग हलका होतो, पावसात अचानक ब्रेक मारला तर मागून घसरते. आणि भरायची म्हटलं तर पाटे बसेपर्यंत भरू नका. एका फेरीचा माल दोन फेऱ्यांत नेणं पाटे बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

गॅसबद्दल स्पष्ट बोलतो

जुन्या ओम्नीत बऱ्याचदा गॅस किट असतं. कंपनीचं किंवा मान्यताप्राप्त एलपीजी किट असेल, आरसीवर त्याची नोंद असेल आणि टाकीची दर पाच वर्षांची तपासणी झालेली असेल, तर हरकत नाही. पण घरगुती लाल टाकीतून गॅस भरून देणारे लोक असतात. ते बेकायदेशीर आहेच, त्याहून मोठं म्हणजे तुम्ही इंजिनावर बसलाय, मागं टाकी आहे आणि मध्ये तुमचं पोर बसलंय. वाचणाऱ्या चार पैशांत हा धोका बसत नाही. किट नोंदलेलं नसेल तर पहिल्याच आठवड्यात काढून टाका.

कागद: पहिल्या महिन्याचं काम

"नाव नंतर करू" हे वाक्य धंद्यात फार महाग पडतं.

• नाव बदल: फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी हातात घ्या, मगच उरलेले पैसे द्या.

• नंबर: आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीची गाडी असेल तर तिच्यावर परभणीचा एमएच २२ दिसेल, नंतर हिंगोलीत नोंदलेल्या गाडीवर एमएच ३८. नंबर कुठलाही असो, आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा चेसिस नंबर स्वतः ताडून बघा.

• पासिंग: खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,००० रुपये. वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे "गाडी तीस हजारात मिळाली" म्हणणाऱ्यानं आधी पासिंगची तारीख बघावी. पासिंग दोन महिन्यांवर आलेली गाडी आणि चार वर्षं बाकी असलेली गाडी, यांची किंमत एक असूच शकत नाही.

• विमा: गाडी हातात आल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर घ्या. पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरपाटीही याच महिन्यात उरकून टाका.

• पांढरी पाटी: पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडं मारू नका. शेजाऱ्याचा माल पैसे घेऊन नेला आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. भाड्याचाच धंदा करायचा असेल तर रीतसर परवाना आणि पिवळी पाटी.

पैशांची वाटणी

गाडीला ६०,००० रुपये बाजूला काढले असतील तर ६०,००० ची गाडी बघू नका. ४५,००० ची बघा. उरलेले १५,००० पहिल्या महिन्यासाठी. त्यात काय करायचं? ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेकचं काम, पाण्याचे रबरी पाइप, आणि टायमिंग बेल्ट. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. तो तुटला की गाडी असेल तिथंच उभी राहते.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी छान, पण रबर म्हातारं, असा टायर उन्हात भरल्या गाडीखाली फुटतो.

एक किलोमीटर कितीला पडतो?

आता धंद्याचा मुख्य भाग. बहुतेक जण फक्त पेट्रोल मोजतात. उदाहरण घेऊ, आकडे तुमचे तुम्ही घाला.

समजा महिन्याला १,००० किमी. पेट्रोल १०५ रुपये, ॲव्हरेज १४. म्हणजे किमीला साडेसात रुपये, महिन्याचे ७,५००. दुरुस्तीसाठी किमीला २ रुपये बाजूला, ते २,०००. विमा, पीयूसी, पासिंग यांचा महिन्याचा वाटा ७०० धरा. एकूण १०,२००. म्हणजे किमीला १० रुपये २० पैसे.

आता हिंगोलीहून वसमतला माल देऊन परत यायचं आहे. समजा ११० किमी. त्या मालात सुटणारे पैसे १,०००. पेट्रोल मोजणारा म्हणतो, "८२५ चं पेट्रोल, १७५ सुटले." खरा खर्च आहे १,१२२. म्हणजे तो घरातून १२२ रुपये देऊन आला, आणि दिवसभर राबला वर. वर्षभर हेच चाललं तर गाडी खराब झाली असं वाटतं. गाडी ठीक असते, फेरीच तोट्याची असते. अशा वेळी दोन गिऱ्हाइकांचा माल एका दिवशी लावा, नाहीतर पोचवण्याचे पैसे स्पष्ट मागा.

ॲव्हरेज कोणाला विचारू नका. टाकी फुल करा, किमी लिहा, चालवा, परत फुल करा. मधले किमी भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. तीन वेळा काढा, मग विश्वास ठेवा.

गॅरेजवाला हा तुमचा भागीदार आहे

दर वेळी नवा स्वस्त मेकॅनिक शोधू नका. ओम्नीवर हात बसलेला एक माणूस धरा. त्याला एकदा तासभर पैसे देऊन बोलवा आणि म्हणा, "दादा, गाडीत काय काय येणार आहे ते सांगा. आज करायचं, तीन महिन्यांत करायचं आणि चालतंय तोवर चालू द्यायचं, अशा तीन याद्या करा." बदललेला जुना भाग परत मागा. संशय म्हणून नाही, शिकायला म्हणून. आणि पैसे वेळेवर द्या. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर रात्री नऊला फोन उचलणारा माणूस उधारीनं मिळत नाही.

आजचं काम

एक शंभर पानी वही घ्या. ती गाडीतच ठेवायची. चार रकाने: तारीख, किमी, काय केलं, किती लागले. पहिल्या पानावर पाच तारखा: विमा, पीयूसी, पासिंग, बेल्ट, टायर. आणि एक डबा किंवा वेगळं खातं, ज्यात दर शनिवारी त्या आठवड्यातल्या किमीचे दोन-दोन रुपये टाकायचे. आठवड्याला अडीचशे किमी तर पाचशे रुपये. धंदा मंदा असला तरी टाकायचे, कारण गाडीला मंदी कळत नाही.

माझ्याकडं त्या मे महिन्यात ही वही नव्हती आणि डबाही नव्हता. गाडी तीच होती. पुढं दोन्ही केलं, आणि तीच व्हॅन आणखी सहा वर्षं चालली. विकताना मी घेणाऱ्याच्या हातात वही दिली आणि सांगितलं, "उन्हाळ्यात पाणी बघत जा." तो हसून मान डोलवायला लागला. मी म्हटलं, "हसू नका दादा, सीट उचला. आत्ता दाखवतो."

तुम्हीही आज सीट उचला. मग पुढच्या धड्यात भेटू.