ऊसतोड, साखरशाळा आणि सामासिक शब्दांचा उच्चार

मराठीत सामासिक शब्द आपण जोडून लिहितो; परंतु उच्चारताना त्याची फोड कोठे करावी, हे लिपी सांगत नाही. तिसरीत असताना मी एस.टी.ची पाटी एकेक अक्षर जुळवून 'माज-लगाव' अशी वाचली. आई म्हणाली, "अरे, माजल-गाव म्हण की!" आईला अक्षरओळख नाही. मग ही फोड तिला कशी कळली?

'सरबत', 'करवत' हे साधे शब्द घेऊ. त्यांतील दुसऱ्या अक्षराचा 'अ' गळतो व आपण सर्‌-बत, कर्‌-वत म्हणतो. हाच नियम 'माजलगाव'ला लावला की 'माज्‌-लगाव' होते. मी तेच केले होते. पण समासात प्रत्येक पद आपला उच्चार राखते, आणि पहिले पद अकारान्त असल्यास बहुधा त्याच्या शेवटचा 'अ' गळतो. म्हणून मा-जल्‌-गाव.

आमच्या बीड जिल्ह्यातील घरोघरचा शब्द म्हणजे 'ऊसतोड'. लिहिताना अक्षरे 4, उच्चारात अवयव 2 : ऊस्‌-तोड. विग्रह 'उसाची तोड', षष्ठी तत्पुरुष. दुसरा शब्द 'साखरशाळा', म्हणजे साखर कारखान्यावरील शाळा; हा मध्यमपदलोपी समास. 'साखरेचा' म्हणताना 'ख'मधील 'अ' गळून साख्‌-रे-चा होते. 'साखरशाळा'त मात्र तो टिकतो : सा-खर्‌-शा-ळा. गळलेल्या 'अ'च्या मागील 'ख'वर किंचित जोर येतो.

इंग्रजीत असा जोर अर्थही बदलतो. 'ग्रीनहाऊस'मध्ये पहिल्या पदावर जोर दिला तर रोपे वाढविण्याचे काचघर. दोन्ही शब्दांवर दिला तर नुसते हिरवे घर. मराठीत आघात इतका प्रबळ नाही. आपल्याकडे अर्थ सांभाळतो तो पदांचा सांधा.

आणि सांधा त्यालाच सापडतो, ज्याला दोन्ही पदे ठाऊक असतात. आईने आयुष्यभर कोयता चालविला. ऊस कोठे तोडावा हे तिला जसे कळते, तसेच शब्द कोठे तोडावा हेही. मी दोन हंगाम साखरशाळेत बसलो, आज महाविद्यालयात समासाचे प्रकार पाठ करतो. घरात ही पायरी चढणारा मी पहिलाच. पण व्याकरण आमच्या घरात माझ्या आधीपासून नांदत होते. मी फक्त त्याची नावे शिकलो, असे मला नम्रपणे वाटते.