ढोलाचा ठोका रेंगाळतो तेव्हा

प्रश्न : मॉड्युलर सिंथेसायझरवर ढोलाचा ठोका हवा, पण आवाज तुटतच नाही. एन्व्हलपचा कोणता नॉब फिरवावा?
– एक वाचक, अहेरी

उत्तर : दोष बहुधा सस्टेनचा आहे. एन्व्हलपच्या चार नॉबपैकी अटॅक, डिके आणि रिलीज वेळ ठरवतात. सस्टेन मात्र पातळी ठरवतो. तो शून्यावर आणावा. अटॅक व रिलीज अगदी कमी, डिके सुमारे 200 मिलिसेकंद ठेवून एन्व्हलपची केबल व्हीसीएला (आवाजाची तीव्रता बदलणाऱ्या मॉड्यूलला) जोडावी. तोच एन्व्हलप थोडासा ऑसिलेटरच्या पिचलाही दिला, की कातड्यावर थाप पडल्याचा भास होतो.

बासरीसाठी उलट : अटॅक सावकाश, सस्टेन वर.

वेळ आणि पातळी ही नॉबची विभागणी जुनीच. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग मॉड्युलर सिंथेसायझर बसवला. त्या काळच्या मूगच्या 911 एन्व्हलपवरही तीन नॉब वेळेचे, एक पातळीचा.

वाचकाने एका वेळी एकच नॉब फिरवून ऐकावे.